घाटावरची देवळं पाहण्याआधी

बुलढाणा जिल्ह्यात पत्ता सांगताना माणसं आधी घाट सांगतात. गाव घाटावरचं की घाटाखालचं, हे कळल्याशिवाय पुढचं बोलणं होत नाही. अजिंठ्याच्या डोंगररांगेने जिल्ह्याचे हे दोन भाग पाडले आहेत, आणि इथल्या मध्ययुगीन देवळांकडे वळणाऱ्यानेही सुरुवात इथूनच करावी. घाटाखाली पूर्णेचा गाळ आहे. जमीन काळी आणि खोल, विहीर खणताना बराच वेळ मातीच निघत राहते. घाटावर मातीचा थर पातळ, त्याखाली लगेच काळा पाषाण. लोणार, मेहकर, सातगाव भुसारी, साकेगाव, धोत्रा, सिंदखेडराजा ही जुन्या दगडी देवळांची गावं घाटावरची आहेत. दगड हाताशी होता, म्हणून देऊळ दगडाचं झालं आणि म्हणूनच ते आपल्यापर्यंत पोचलं. राजा कोण होता, दान कुणी दिलं, हे प्रश्न मोलाचे आहेत. पण ते नंतरचे.

देऊळघाट हे पैनगंगेच्या अगदी वरच्या टप्प्यातलं गाव. जवळच्याच डोंगरात उगम पावलेली ही नदी पुढे मेहकरला जाते. या पुस्तकातल्या जिल्ह्यातल्या कुठल्याही देवळाला इथून सकाळी निघून दिवेलागणीपर्यंत परत येता येतं. हे मुद्दाम सांगतो, कारण देवळांचा अभ्यास म्हटलं की आपल्याकडच्या मुलांना तो पुण्यात किंवा दिल्लीत बसून करायचा विषय वाटतो. एस.टी.च्या अंतरावरच्या गोष्टींचा अभ्यास करायला मोठ्या तयारीची गरज नसते. एक वही, मोजपट्टी, उजेडासाठी बॅटरी आणि घाई नसलेला दिवस एवढ्यावर आरंभ होतो. पुढची पानं अशा आरंभासाठी लिहिली आहेत.

मला या क्षेत्रात येणाऱ्याला सगळ्यात आधी एक गोष्ट सांगायची आहे. शिकायला सुरुवात करायची तर ती मोडलेल्या देवळापासून करावी. सिन्नरचं गोंदेश्वर किंवा अंबरनाथचं शिवालय पाहावंच, पण पुढे. आपल्या जिल्ह्यातली बहुतेक देवळं अपुरी, पडकी, शिखर गेलेली आहेत. त्याबद्दल हळहळ वाटणं साहजिक आहे. पण पूर्ण देऊळ आपली रचना आत ठेवून घेतं आणि मोडलेलं देऊळ ती उघड करतं. कोपऱ्यातला चिरा निखळलेला असेल तिथे थांबावं. बाहेरून अखंड दगडाची वाटणारी भिंत खरं तर दोन भिंतींची आहे हे तिथे दिसतं. बाहेरची घडीव चिऱ्यांची, आतली घडीव चिऱ्यांची आणि मधल्या पोकळीत डबर, गोटे, चिपा. चिऱ्यांच्या सांध्यात चुना नसतो. एका दगडाचा उंचवटा दुसऱ्याच्या खोबणीत बसवलेला असतो आणि बाकी सगळं काम वजन करतं. पावसाचं पाणी किंवा पिंपळाचं मूळ मधल्या डबरात शिरलं की बाहेरची भिंत का फुगते आणि का कोसळते, हेही मग कुणी समजावून सांगावं लागत नाही.

हीच गोष्ट जगाच्या दुसऱ्या टोकाशी ताडून पाहू. फ्रान्समधल्या शार्त्र गावचं कॅथीड्रल 1194 च्या आगीनंतर नव्याने बांधायला घेतलं आणि 1260 मध्ये त्याचा अर्पणविधी झाला. पुढच्याच वर्षी देवगिरीच्या गादीवर महादेव यादव आला. म्हणजे तिथले आणि इथले पाथरवट एकाच शतकात छिन्नी चालवत होते. त्यांच्यापुढचे प्रश्न मात्र निराळे होते. तिथे सगळ्या गावाला, दूरदूरच्या यात्रेकरूंना एका छताखाली घ्यायचं होतं. त्यासाठी त्यांनी टोकदार कमानी उभारल्या, छताचा भार दगडी फासळ्यांवर घेतला आणि बाहेरच्या बाजूने भिंतींना दगडी टेकू दिले; शार्त्रच्या मधल्या दालनाचं छत सुमारे 37 मीटर उंच गेलं. आपल्याकडे देवाला घर बांधायचं होतं. भक्त एकेकटा किंवा चौघाचौघांनी येणार, प्रदक्षिणा घालणार, दर्शन घेणार आणि बाहेर पडणार. त्यामुळे उंची शिखराला मिळाली, आतल्या जागेला नाही. कमान वापरलीच नाही. खांबावर तुळई, तुळईवर छत. मराठी माणसाला हा फरक अनुभवायचा असेल तर फ्रान्सला जायची गरज नाही. जुन्या गोव्याचं से कॅथीड्रल 1562 ते 1619 या काळातलं, म्हणजे मध्ययुगानंतरचं आहे. तरी त्याच्या मधल्या दालनात उभं राहिलं की नजर लांब, सरळ वेदीपर्यंत धावते. लोणारला दैत्यसूदन या विष्णूच्या देवळाच्या मंडपात शिरलं की आधी काहीच दिसत नाही. डोळे अंधाराला सरावतात, मग खांब दिसू लागतात आणि नजर आपोआप वर जाते.

वर जे दिसतं त्याला शास्त्रात वितान म्हणतात. हा भाग घाईने सोडू नये, कारण इथल्या कारागिराची बुद्धी सगळ्यात जास्त इथे खर्ची पडली आहे. चार खांबांवर चार तुळया ठेवल्या की चौकोन होतो. त्याच्या चारही कोपऱ्यांवर तिरपे दगड टाकले की मोकळी जागा अष्टकोनी उरते. पुन्हा तसंच केलं की सोळा बाजू होतात, आणि मग वर्तुळ. पुढची प्रत्येक फेरी खालच्या फेरीपेक्षा जराशी आत सरकवलेली. उतरंडीतली मडकी जशी वर वर लहान होत जातात तशा या दगडी फेऱ्या लहान होत जातात आणि शेवटची फट एका कमळाने बंद होते. प्रत्येक दगडाचा मागचा भाग भिंतीच्या किंवा तुळईच्या वजनाखाली दाबलेला असतो, म्हणून पुढचा भाग अधांतरी राहू शकतो. छत फुटलेल्या मंडपात ही मागची, एरवी कुणाला न दिसणारी शेपटी उघडी पडते. ती खडबडीत असते, तिच्यावर छिन्नीचे घाव मोजता येतात. जे दिसणार नाही ते घासत बसायचं नाही, असा कामाचा हिशेब त्या घावांत वाचता येतो. दैत्यसूदनाच्या छतांवर विष्णूने केलेल्या दैत्यवधाच्या कथा कोरल्या आहेत. त्यात लवणासुराचा वध आहे, आणि गावाच्या कडेला पावणेदोन किलोमीटरहून रुंद असं ते विवर आहे. लोककथेने दोघांना एकत्र बांधलं. उल्कापाताने बसाल्टात, म्हणजे इथल्या काळ्या पाषाणात, झालेल्या विवराच्या काठी त्याच दगडाचं हे कोरीव देऊळ आहे. भूगर्भशास्त्राचा विद्यार्थी आणि मूर्तिशास्त्राचा विद्यार्थी इथे एकाच बसमधून उतरावेत असं मला फार वाटतं.

आता पाहण्याचा क्रम. देवळात पोचलो की आपण चपला काढतो आणि थेट गाभाऱ्याकडे जातो. दर्शन जरूर घ्यावं. त्यानंतर बाहेर येऊन, देवळाला उजव्या हाताशी ठेवून, एक सावकाश फेरी मारावी आणि नजर खालून वर न्यावी. जमिनीलगत जोतं, त्यावर पीठाचे आडवे थर. कुठे धारदार कडेची कणी, कुठे कीर्तिमुखांची ग्रासपट्टी, कुठे हत्तींचा गजथर. त्यावर मंडोवर, म्हणजे भिंतीचा शिल्पांनी भरलेला पट्टा. भिंत सरळ जात नाही, पुढे येते, मागे सरते. मधल्या पुढे आलेल्या भागाला भद्र म्हणतात आणि त्यात देवकोष्ठ असतो. गाभाऱ्याच्या तीन बाजूंना असे तीन कोष्ठ. मूळ मूर्ती हरवलेली असेल, बदललेली असेल, तर हे तीन कोष्ठ आणि दारावरच्या पट्टीच्या मध्यावरची लहानशी मूर्ती, ललाटबिंब, यांना आधी विचारावं. ते साक्षीदार सहसा जागचे हललेले नसतात. मग सुरसुंदरी: आरशात पाहणारी, पत्र लिहिणारी, पायातला काटा काढणारी, माकडाने पदर ओढलेली. त्यांच्यापाशी सगळेच थांबतात, म्हणून इथे अधिक लिहीत नाही.

विष्णूच्या मूर्तीपाशी मात्र थांबून हात पाहायला शिकावं. शंख, चक्र, गदा, पद्म ही चार आयुधं चार हातांत. मूर्तीच्या उजव्या खालच्या हातापासून सुरुवात करायची, मग उजवा वरचा, डावा वरचा, डावा खालचा. पद्म, शंख, चक्र, गदा असा क्रम आला की तो केशव. क्रम बदलला की नाव बदलतं. चार वस्तू चार हातांत चोवीस प्रकारे ठेवता येतात आणि संध्येत घेतली जाणारी विष्णूची नावंही चोवीसच आहेत. भास्कराचार्यांनी 1150 च्या सुमाराच्या लीलावतीत हेच गणित घातलं आहे: हरीच्या चार हातांत चार आयुधं किती प्रकारे, आणि शंभूच्या दहा हातांत दहा आयुधं किती प्रकारे. दुसऱ्याचं उत्तर 36,28,800 येतं. चाळीसगावजवळच्या पाटण इथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, सिंघण यादवाच्या पदरचा ज्योतिषी, याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. त्याचा 1207 चा कोरीव लेख आहे. म्हणजे आपल्याच शेजारच्या मुलखात, ही देवळं उभी राहत होती त्या काळात, कुणीतरी मुलांना देवाच्या हातांवरून क्रमचय शिकवत होतं. नववी-दहावीच्या गणिताच्या शिक्षकाने मुलांना घेऊन एखाद्या विष्णुमूर्तीपुढे तास घ्यायचा ठरवला, तर त्याला आठशे वर्षांचा आधार आहे.

काळ ठरवताना एक सवय सोडावी लागेल. आपल्याकडे कुठलंही काळ्या दगडाचं, चुन्याशिवाय रचलेलं देऊळ हेमाडपंती ठरतं. हेमाद्री पंडित महादेव आणि रामचंद्र या यादवांचा मंत्री, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला माणूस. अंबरनाथच्या देवळातला लेख शके 982 चा, इसवी सन 1060 चा आहे. हेमाद्रीच्या दोनशे वर्षं आधीचा. बांधण्याची ही रीत त्याच्या जन्माआधी पक्की झालेली होती. तेव्हा गावकरी हेमाडपंती म्हणाले तर मान डोलवावी आणि वहीत मात्र खांबांची घडण, पीठाचे थर, दाराच्या शाखांची, म्हणजे चौकटीच्या पट्ट्यांची, संख्या लिहून घ्यावी. काळ त्यातून निघेल.

सिंदखेडराजाला 2024 साली जे घडलं ते या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवण्यासारखं आहे. जिजाऊंचे वडील लखुजीराव जाधव यांच्या समाधीच्या छत्रीच्या डागडुजीचं काम भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग करत होता. कामात काही वेगळे दगड दिसले, खणत गेल्यावर देवळाचा सभामंडप लागला आणि सव्वादोन मीटरच्या आसपास खोलीवर शेषशायी विष्णू सापडला. सुमारे 1.70 मीटर लांब, मीटरभर उंच. पायांशी लक्ष्मी, आणि शिळेवर दशावतार, समुद्रमंथन. बातम्यांत मूर्तीच्या सौंदर्याचं वर्णन आलं, ते योग्यच होतं. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो तिचा दगड. तो बसाल्ट नाही, क्लोराइट शिस्ट आहे. मऊ, बारीक कणांचा, नखाएवढा दागिनाही कोरू देणारा. घाटावर असा दगड मिळत नाही; कर्नाटकातल्या होयसळांच्या देवळांना तो वापरलेला आहे. मग ही शिळा की ही तयार मूर्ती दक्षिणेतून बैलगाडीवर आली? कुठल्या वाटेने? तिची किंमत कुणी मोजली? यादव आणि होयसळ एकमेकांशी लढत होते हे इतिहासाच्या पुस्तकात असतं. त्यांच्यामध्ये मूर्ती, कारागीर, नमुने कसे ये-जा करत होते, हे अशा दगडांवरून कळत जाईल. मेहकरचा शारंगधर बालाजी 1888 मध्ये असाच जमिनीतून वर आला आणि आज गावाचं ते दैवत आहे. दोन्ही मूर्तींच्या निमित्ताने कुणीतरी जिल्ह्यातल्या मूर्तींच्या दगडांची पद्धतशीर यादी करायला हवी. ते काम करायचं राहिलं आहे आणि या जिल्ह्यातल्या भूगर्भशास्त्राच्या विद्यार्थ्याइतकं ते दुसऱ्या कुणाला जमणार नाही.

या अभ्यासाची परंपरा इंग्रजांपासून सुरू झाली असं मानायची पद्धत आहे. हेन्री कझिन्स यांचे उपकार मोठे आहेत. 1931 मध्ये छापलेल्या त्यांच्या दख्खनच्या मध्ययुगीन देवळांवरच्या ग्रंथात लोणारची देवळं आराखड्यांसह आली, आणि ते आराखडे आजही उघडावे लागतात. पुढे गो. बं. देगलूरकरांनी 1974 च्या आपल्या ग्रंथात महाराष्ट्रातल्या देवळांची वास्तू आणि शिल्प एकत्र मांडलं, नी. पु. जोशींनी मूर्तिशास्त्र मराठीत आणलं. पण त्या सगळ्यांच्या कितीतरी आधी, चौदाव्या शतकात, महानुभावांनी स्थानपोथी रचली. चक्रधरस्वामी ज्या ज्या ठिकाणी राहिले, बसले, जेवले, त्या स्थानांची ती नोंद आहे. मेहकर आणि लोणारला ते राहून गेल्याचं लीळाचरित्रात आहे. स्थानपोथीची शिस्त पाहण्यासारखी आहे. देऊळ कुठल्या दिशेला तोंड करून आहे, त्याच्या कुठल्या अंगाला दुसरं देऊळ, मठ, तळं, झाड आहे, हे ती नेमकेपणाने सांगत जाते. भक्तीने प्रेरित झालेली माणसं इतक्या काटेकोर नजरेने जागा पाहत होती. ही पोथी संपादून आपल्या हाती देणारे डॉ. वि. भि. कोलते मलकापूर तालुक्यातल्या नरवेलचे. देवळांची स्थाननोंद करणारा ग्रंथ मराठीत आहे आणि त्याचा संपादक आपल्या जिल्ह्यातला आहे. मग आपण या विषयात पाहुण्यासारखं का वागावं?

पुढच्या प्रकरणांत देवळांबरोबर बारवा, धर्मशाळा, वीरगळ आणि मशिदीही आल्या आहेत. मशिदी का, असं काहींनी विचारलं. रोहिणखेडची मशीद 1582 ची, फत्तेखेर्डा म्हणजे साखरखेर्डा इथली त्याच्या आदल्या वर्षाची. दोन्ही खुदावंदखान महदवीने बांधवलेल्या. जिल्ह्यातल्या दगडाने तुळईकडून कमानीकडे केलेला प्रवास समजून घ्यायचा तर सातगाव पाहून झाल्यावर रोहिणखेडला गेल्यावाचून चालणार नाही. दगड तोच, तो पेलण्याची विद्या निराळी. ज्याला एक समजून घ्यायची आहे त्याने दुसरीही पाहावी.

एका गोष्टीबद्दल मी कळकळीने लिहितो. वाऱ्याने आणि पावसाने आठशे वर्षांत जेवढं नुकसान केलं नाही, तेवढं श्रद्धेपोटी केलेल्या सुशोभीकरणाने गेल्या दोन-तीन दशकांत केलं आहे. खांबांवर ऑइलपेंट, गाभाऱ्यात चकचकीत फरशी, चिऱ्यांच्या सांध्यांत सिमेंट, शिखराच्या जागी आरसीसीचं नवं शिखर. रंगाखाली दगडाला श्वास घेता येत नाही, आत मुरलेलं पाणी अडतं आणि कोरीव पापुद्रे सुटून पडतात. सिमेंट सांधा जखडून टाकतं, त्यामुळे तडा सांध्यात न जाता चिऱ्यात जाऊ शकतो. हे करणारी माणसं वाईट नाहीत. वर्गणी काढून, स्वतः घमेली उचलून त्यांनी हे केलेलं असतं. त्यांना दोष देऊन काही साधत नाही. रंग लावण्याच्या बैठकीला आपण हजर असलो आणि नम्रपणे, कारणासह बोललो, तर लोक ऐकतात. अभ्यासकाचं काम तिथपर्यंत जातं, असं मी मानतो.

शेवटी नव्या वाचकासाठी थोड्या कामाच्या सूचना. शिल्पं पाहायला हिवाळ्यातली सकाळ किंवा कलती दुपार निवडावी. तिरप्या उन्हात पुसट कोरीवकामही उठून दिसतं, भर दुपारी सगळं सपाट होतं. पावसाळ्यात एकदा मुद्दाम जावं, पाणी कुठून उतरतं आणि मकरमुखातून कसं बाहेर पडतं ते पाहायला. पुजारी, गुरव, मुजावर यांच्याशी आधी बोलावं, मोजपट्टी नंतर काढावी. फोटो काढताना शेजारी मोजपट्टी किंवा वीतभर काठी ठेवावी, नाहीतर आकार कळत नाही. लेखावर खडू, पीठ, तेल काहीही लावू नये. बाजूने बॅटरीचा प्रकाश टाकला तर अक्षरं दिसतात. पारावर, विहिरीच्या काठावर, गढीच्या भिंतीत, जनावरांच्या गोठ्यात कोरीव दगड आढळला तर तो हलवू नये. जागेवरच मोजावा, कुठल्या तोंडाने ठेवला आहे ते लिहावं आणि कुणी, कुठून आणला हे घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला विचारून ठेवावं. शेतात नांगराला मूर्ती लागली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं 1878 च्या निखात निधी कायद्याने बंधनकारक आहे. तहसील कार्यालयात दिलेल्या अर्जाची पोच घ्यावी. आणि प्रत्येक गावाची नोंद वेगळ्या पानावर, दिशा आधी, मापं नंतर, ऐकलेली गोष्ट सगळ्यात शेवटी पण तारखेसह, अशी ठेवावी. या पुस्तकाच्या शेवटी त्यासाठी कोरी पानं सोडली आहेत. त्यांतलं पहिलं पान आपल्या स्वतःच्या गावासाठी वापरावं.

देऊळघाट, जि. बुलढाणा